खासदार किती वेळा बोलले, हे मोजण्याआधी

‘आपला खासदार पाच वर्षांत एवढ्याच वेळा बोलला’ असं एक ग्राफिक परत तालुक्याच्या ग्रुपवर फिरतंय. 2019 च्या निवडणुकीत असली बातमी मीच केली होती, ‘मुका खासदार’ छाप मथळा देऊन. चालली पण जोरात. आकड्यामागे काय असतं, ते मात्र तेव्हा बघितलं नव्हतं.

लोकसभेत हात वर केला आणि बोलायला मिळालं, असं नसतं. विधेयकावर किती तास चर्चा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो वेळ पक्षांना संख्याबळावर वाटला जातो. चार तासांची चर्चा धरा. 543 च्या सभागृहात 240 खासदारांच्या पक्षाला साधारण पावणेदोन तास येतात. भरपूर वाटतात ना? पण बोलणाऱ्यांची नावं पक्ष देतो. मग पहिल्यांदा निवडून आलेल्या, मागच्या बाकावरच्या माणसाचा नंबर लागायचा कधी? उलट एकट्याच खासदाराच्या पक्षाला हिशोबाने अर्धं मिनिटसुद्धा येत नाही. अध्यक्षांनी दोन-चार मिनिटं दिली तर दिली. मंत्र्यांची कामगिरी तर त्या तक्त्यात धरतच नाहीत. तरी त्यांच्या नावापुढे शून्य टाकून हसणारे पत्रकारही मी पाहिलेत.

आणि मुळात सभागृह बसायला तर पाहिजे! पहिली लोकसभा 677 दिवस बसली, सतरावी 274. त्यात गोंधळात वाया गेलेले तास वेगळेच.

मग खासदारांना सोडून द्यायचं का? मुळीच नाही. लेखी प्रश्न विचारायला पक्षाच्या वाट्याचा वेळ लागत नाही. शून्य प्रहराची नोटीस स्वतःच द्यायची असते. नियम 377 खाली 250 शब्दांत मतदारसंघाचा विषय मांडता येतो. चिठ्ठीत नाव निघो न निघो, नोटीस दिली होती का, एवढं तरी विचारता येतं.

पण विचारतंय कोण? तिकीट भाषणांवर मिळत नाही, आणि आपणही लग्नाला, मयतीला आले का हेच बघतो. अधिवेशन चालू असताना खासदारसाहेब सप्ताहाच्या काल्याला हजर, म्हणून टाळ्या पडतात. तो फोटो मीही छापलाय, राव.

पुढच्या वेळी साहेब गावात आले की भाषणांचा आकडा विचारणार नाही. कांदा, पीकविमा आणि आपल्या रेल्वेवर किती नोटिसा दिल्या, त्यांची तारखेसकट यादी मागणार आहे. आणखी विषय सुचत असतील तर कमेंटमध्ये टाका, यादीत घेतो.