सोडणाऱ्याला एकटे सोडू नका

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. या दिवसांच्या आसपास आपल्या वस्तीत दारू सोडणारे हमखास भेटतात. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. ती घेणाऱ्याचे कौतुक व्हायला हवे. पण सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्याबरोबर घोट घेणारा, वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस एकदम थांबला, तर त्याचे शरीर ते सहन करीलच असे नाही. हे आपल्या सभांमधून फारसे कोणी सांगत नाही.

शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. नंतरच्या दोन-तीन दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. अशी माणसे हातपाय बांधून वॉर्डात आणलेली मी पाहिली आहेत. घरच्यांना वाटलेले असते, बाहेरचे काही लागले. भूतबाधा मानत नाही म्हणणाऱ्या आपल्याच घरांतून हे घडते, याचे वाईट वाटते.

यावर उपचार आहे. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. दवाखाना गाठेपर्यंत अशा माणसाने दारू एकदम बंद करू नये. आणि अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. बी-१ शिवाय ग्लुकोज दिल्यास पिणाऱ्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. किती पितो ते खरे सांगा. लाजेपायी ‘कधीमधी घेतात’ म्हटले जाते आणि तिथेच घात होतो.

जे सोडायला तयारच नाहीत त्यांचे काय? इथे माझे काही कार्यकर्त्यांशी भांडण आहे. पिणाऱ्याला विहाराची पायरी चढू देऊ नका, असे ते म्हणतात. बायकोवर हात उगारणाऱ्याला पोलीस दाखवाच. पण सगळ्यांना दार बंद केले की ते गुत्त्यावरच बसतात. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिल्यानंतर नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, तर पोलिसांच्या भीतीने घरी झोपवून ठेवू नका, लगेच मोठे रुग्णालय गाठा. पिणाऱ्यालाही पोटभर जेवायला घालता येते. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर प्याला म्हणून त्या परस्पर बंद करू नका. आशाताईंना खरे सांगा, यकृताची तपासणी करून घ्या.

महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून प्रतिज्ञा घेणाऱ्यांसाठी पहिल्या आठवड्याच्या पाळ्या लावाव्यात. जेवला का, झोपला का, हात थरथरतात का, एवढे रोज घरी जाऊन पाहायचे. फिट किंवा भास दिसला की १०८. सल्ल्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर मोफत आहे. प्रतिज्ञेच्या आधीच जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलेत तर उत्तमच. सोबत जाणारा मात्र वाटेत शिव्या न घालणारा निवडा.