स्मार्ट मीटर, सौर छत आणि परवानाधारक वायरमन

नवी दिल्ली : आयएनए मेट्रो स्थानक आणि दिल्ली हाट यांच्या शेजारची लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत झाशीच्या राणीच्या नावाने ओळखली जाते. वीज वितरणाच्या दृष्टीने या परिसराचे महत्त्व निराळे आहे. येथे वीजपुरवठा करणारी नवी दिल्ली नगरपालिका परिषद, अर्थात एनडीएमसी, ही आपल्या क्षेत्रातील जुने मीटर सरसकट बदलून स्मार्ट मीटर बसविणारी देशातील पहिली संस्था मानली जाते. केंद्राच्या अखत्यारीतील ईईएसएल या कंपनीमार्फत 2019 च्या सुरुवातीपर्यंत सुमारे 50 हजार मीटर बदलण्यात आले होते. आज महाराष्ट्रात ज्या बदलावरून वाद सुरू आहे, तो लक्ष्मीबाई नगरात काही वर्षांपूर्वीच रुळला.

त्या बदलाचा पहिला फटका मीटर वाचणाऱ्या माणसाला बसला. वापराची नोंद आता संपर्कजाळ्याद्वारे थेट संगणकावर पोहोचते, थकबाकीदाराचा पुरवठा दूरूनच तोडता आणि जोडता येतो. मात्र मीटरच्या पलीकडची, घरातली वायरिंग जिथल्या तिथे राहिली. स्मार्ट मीटर कमाल मागणीचीही नोंद ठेवतो. त्यामुळे दोन वातानुकूलन यंत्रे आणि गिझर एकाच वेळी सुरू झाल्यास मंजूर भार ओलांडल्याचे लगेच उघड होते. अशा वेळी ग्राहक बोलावतो तो वायरमनलाच. मीटर बसविण्याचे काम मोठ्या कंपनीचे, त्यानंतरच्या तक्रारींचे काम गल्लीतल्या वायरमनचे, अशी ही वाटणी आहे. मोबदला मात्र त्या प्रमाणात विभागला गेलेला नाही.

केंद्राने जुलै 2021 मध्ये सुरू केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा एकूण आराखडा 3 लाख 3 हजार 758 कोटी रुपयांचा असून तीत 25 कोटी स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामे 2023 मध्ये अदानी, एनसीसी, माँटेकार्लो आणि जीनस या चार कंपन्यांना दिली. मीटर पुरविणे, बसविणे आणि अनेक वर्षे त्याची देखभाल करणे, असे हे एकत्रित कंत्राट आहे. ग्राहकांच्या विरोधानंतर जून 2024 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसविणार नसल्याचे जाहीर केले. पुढे नंतर बिल भरण्याच्या पद्धतीचे स्मार्ट मीटर बसविण्यात येऊ लागले. या वादात चर्चा झाली ती बिलाची आणि मीटरच्या वेगाची. जिल्ह्या-जिल्ह्यांतील परवानाधारक वीज ठेकेदारांच्या हातातून कोणते काम गेले आणि त्या जागी कोणते आले, याची चर्चा फारशी झाली नाही. एवढ्या मोठ्या रकमेच्या निविदेत तालुक्याच्या ठिकाणचा ठेकेदार स्वतःच्या नावाने उतरू शकत नाही. त्याच्या वाट्याला येऊ शकते ती उपकंत्राटदारी, तीही नगावर ठरलेल्या दराने.

दुसरा आणि अधिक खोल बदल छतावर घडतो आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेसाठी 75 हजार 21 कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे लक्ष्य आहे. एक किलोवॉटला 30 हजार, दोन किलोवॉटला 60 हजार आणि तीन किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेला 78 हजार रुपये अनुदान मिळते. दिल्ली सरकारने 2025 मध्ये त्यात स्वतःच्या 30 हजारांची भर घातल्याने राजधानीत तीन किलोवॉटसाठी ही रक्कम 1 लाख 8 हजारांवर गेली. मार्च 2025 मध्ये देशात दहा लाख घरांचा टप्पा पार झाला. त्यात गुजरातपाठोपाठ महाराष्ट्र आघाडीवर होता. सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या लक्ष्मीबाई नगरातील रहिवाशाचे छत त्याच्या मालकीचे नसते, त्यामुळे या योजनेचा थेट लाभ त्याच्यापर्यंत सहजी येत नाही, हा भाग वेगळा.

या योजनेतून सुमारे 17 लाख थेट रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा अंदाज आहे. त्यात उत्पादन, वाहतूक, विक्री, उभारणी आणि देखभाल या सर्वांचा समावेश आहे. प्रश्न संख्येपेक्षा कौशल्याचा आहे. घरगुती वायरिंग करणाऱ्या कारागिराचा आयुष्यभराचा अनुभव प्रत्यावर्ती प्रवाहाचा, म्हणजे एसीचा असतो. हा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझण्यास मदत होते. सौर पट्ट्यांतून येणारा डीसी प्रवाह असा शून्यावर येत नाही. सैल जोडणीतून सुरू झालेली ठिणगी तिथेच जळत राहू शकते. शिवाय खाली मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पट्ट्यांपासून येणाऱ्या तारांत दाब कायम असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोडक एकमेकांत बसविले, तर वरवर ते घट्ट वाटतात, पण आतून तापतात. एसी, डीसी आणि वीजरोधक यांचे अर्थिंग स्वतंत्र द्यावे लागते. तेथे एक खड्डा वाचविण्याचा मोह महागात पडतो. ग्रिडचा पुरवठा गेल्यावर इन्व्हर्टरने स्वतःहून बंद पडलेच पाहिजे, अन्यथा खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी गाठ असते.

घरी वाहन चार्ज करण्याचेही तसेच आहे. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर इस्त्री काही मिनिटे चालते, मोटार मात्र रात्रभर भार घेते. जुन्या इमारतीतील बारीक तार आणि ढिला सॉकेट यांची परीक्षा तेव्हा होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून अधिक मृत्यू होतात. यांतील बहुसंख्य घटनांचा नव्या तंत्रज्ञानाशी संबंध नाही. पण जुनाच निष्काळजीपणा नव्या यंत्रांपर्यंत पोहोचू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

कायद्याची चौकट नाही असे म्हणता येणार नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांनुसार वीज संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत व सक्षमता प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे लागते. भारतीय मानक ब्यूरोने राष्ट्रीय विद्युत संहितेची सुधारित आवृत्तीही 2023 मध्येच आणली. मात्र परवानगीचा वेग वाढला, तसा तपासणीचा भार ठेकेदारावर येऊन पडला. ग्राहक हक्कविषयक नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने दहा किलोवॉटपर्यंतच्या सौर संचाचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मान्य झाल्याचे समजले जाते. संच कार्यान्वित करण्याची मुदतही तीस दिवसांवरून पंधरा दिवसांवर आणण्यात आली. ग्राहकाच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु यात जी घाई आली आहे, तिची किंमत कारागिराच्या प्रशिक्षणातून चुकवावी लागणार आहे.

ते प्रशिक्षण उपलब्ध आहे, पण विखुरलेले. दिल्लीलगत गुरुग्राम येथील राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने 2015 पासून सूर्यमित्र उपक्रम चालविला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे जुने अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या जोडीला सौर तंत्रज्ञ आणि विद्युत वाहन मेकॅनिक हे नवे अभ्यासक्रमही आले आहेत. हे सर्व नव्याने शिकणाऱ्या तरुणासाठी. पंचेचाळिशीतला, हातात कसब असलेला आणि रोजच्या कामावर घर चालविणारा वायरमन कित्येक आठवडे वर्गात बसू शकत नाही. त्याच्यासाठी परवाना नूतनीकरणाला तीन-चार दिवसांच्या सशुल्क नव्हे, तर सवेतन प्रशिक्षणाची जोड देणे हा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरेल. महानगरांत ॲपवरून घरी येणाऱ्या इलेक्ट्रिशियनबाबत तर हा खर्च कोणी करायचा, हेच ठरलेले नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा गिग कामगारांना ओळख दिली, पण कौशल्याची जबाबदारी हा निराळा विषय आहे.

सूर्यघर योजनेत संच बसविणाऱ्या विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. योजनेच्या पहिल्या वर्षात बसलेल्या संचांची ही मुदत 2029 पासून संपू लागेल. सौर पट्ट्यांचे आयुष्य मात्र सुमारे पंचवीस वर्षांचे धरले जाते. मधल्या काळात नादुरुस्त इन्व्हर्टर, सैल झालेले जोडक आणि गंजलेले अर्थिंग पाहण्यासाठी ग्राहक ज्याला फोन करेल, तो बहुतेक वेळा मूळ विक्रेता नसेल.