दोन सेकंदांची रेघ

गॅमा किरण स्फोटांचा शोध १९७३ साली जाहीर झाला. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी पुढच्याच वर्षी अप्पाराव आणि नरेश दधिच यांच्यासह ‘नेचर’मध्ये कल्पना मांडली, की अशी प्रारणे श्वेतविवरातून, म्हणजे कृष्णविवराच्या उलट सारे बाहेर टाकणाऱ्या कल्पित वस्तूतून, येऊ शकतील. पुढे स्फोटांविषयीच्या अशा कल्पनांची संख्या शंभरावर गेली. स्रोत किती लांब, हेच ठाऊक नव्हते. मग खोडून तरी कोणती काढणार?

ही कोंडी क्ष-किरणांनी फोडली. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर आठ तासांनी बेप्पोसॅक्स उपग्रहाची दुर्बीण तिकडे वळली. तीन दिवसांनी तोच स्रोत सुमारे वीसपट मंदावला होता. ही पश्चदीप्ती. तिच्यामुळे जागा नक्की झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाचे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे निघाले. श्वेतविवराच्या बाजूने पुरावा मात्र कधीच मिळाला नाही.

दोन सेकंदांहून जास्त चालणाऱ्या लांब स्फोटांमागे महाकाय ताऱ्याचे कोसळणे असते, हे २००३ पर्यंत बहुतेकांना पटले. आखूड स्फोटांनी जास्त छळले. ९ मे २००५ चा स्फोट सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा! स्विफ्ट उपग्रह मिनिटभरात वळला, आणि त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या हाती फोटॉन लागले अवघे अकरा. तेवढ्यांनी बोट दाखवले एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेकडे. तिथे नवे तारे घडणे केव्हाच थांबलेले. अल्पायुषी महाकाय तारा आणायचा कुठून? न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे पारडे जड झाले ते तिथे. १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरींनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

तरीही आपल्या वर्गांत ‘दोन सेकंदांहून जास्त म्हणजे तारा कोसळला, कमी म्हणजे मीलन’ हेच पाठ करवून घेतले जाते. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट पन्नासेक सेकंद चालला आणि मागाहून दिसली किलोनोव्हा, म्हणजे मीलनाचीच खूण. उगम ठरवायचा तर स्फोटानंतरचे तास आणि दिवस पाहावे लागतात. क्ष-किरणांच्या आलेखात आधी तीव्र उतार, मग बराच वेळ सपाटी, पुन्हा उतार असे पुष्कळदा दिसते. ही सपाटी म्हणजे आत वेगाने फिरणारा चुंबकतारा ऊर्जा पुरवतो आहे, असे अनेकजण मानतात. आम्हाला ते सगळीकडे लागू पडेलसे वाटत नाही. स्फोटातून निघणाऱ्या झोताकडे आपण तिरके पाहत असलो तरी अशी सपाटी येऊ शकते.

स्विफ्टचे हे आलेख लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शिवाजी विद्यापीठातल्या आणि संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी एम.एस्सी. प्रकल्पांच्या यादीत यंदा एवढा एक विषय घालावा. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन उतार विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.