पुढून 'पोटाला चांगलं', मागून मुरडा

चेन्नईत गिंडीहून संध्याकाळी तांबरमची लोकल पकडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की या गाडीत शौचालय नाही. पाय ठेवायला जागा नसलेल्या अशाच एका डब्यात मला मुरडा आला. पुढचंच स्टेशन सेंट थॉमस माउंट, अंतर काही मिनिटांचं. ती मिनिटं दाराजवळचा खांब धरून, दात आवळून मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. त्या दिवशी जेवण राहून गेलं होतं, म्हणून ऑफिसमधल्या मशीनमधून एक बार काढून खाल्ला होता. पाकिटावर 'भरपूर फायबर', 'साखर नाही', 'पोटाला चांगलं' आणि एक हिरवं पान.

घरी येऊन पाकीट उलटं केलं. घटकांच्या यादीत वरच्याच ओळीत चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन आणि त्याच्या शेजारी माल्टिटॉल, म्हणजे आयएनएस 965. इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि पोटात गुबारा धरतो. माल्टिटॉल पुरतं शोषलं जात नाही, ते आतड्यात पाणी ओढून घेतं. धडधाकट माणसाला एवढ्याने बहुधा काही होत नाही. पण ज्याचं आतडं जरा ताणलं तरी कळवळतं, त्याचा दिवस वाया जातो. मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कमी शोषल्या जाणाऱ्या, आंबणाऱ्या कर्बोदकांना 'फॉडमॅप' हे नाव दिलं ते 2005 मध्ये. इतकी वर्षं उघड असलेली गोष्ट बार बनवणाऱ्याला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. त्याला कळतं, आणि तरीही तो ते हिरवं पान छापतो.

आपल्याकडे नियम आहे. पदार्थात 10 टक्के किंवा त्याहून जास्त पॉलिऑल (माल्टिटॉल त्यातलंच) असेल, तर त्याचा रेचक परिणाम होऊ शकतो असं छापावंच लागतं. माझ्या पाकिटावर ते छापलेलंही होतं: मागे, दुमडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत. इन्युलिन मात्र 'फायबर' म्हणून पुढे मिरवत होतं. याच चेन्नईत कॉफीचा पुडा घेतला तर कॉफी किती आणि चिकोरी किती हे त्यावर टक्क्यांत लिहिलेलं असतं, आणि कॉफी 51 टक्क्यांच्या खाली चालत नाही. चिकोरी कॉफीत पडली तर तिचा हिशेब द्यायचा, आणि बारमध्ये पडली की ती पोटाचं औषध! ही ग्राहकाची सरळसरळ फसवणूक आहे.

दुसरा राग शहाण्यांवर. 'एवढंसं खाऊन काय होतंय?' 'टेन्शन घेऊ नका, पोट आपोआप सुधारेल.' आणि मग काळजीपोटी पुढे काय करतात, तर सफरचंद, मोड आलेली कडधान्यं, चण्याचं सुंडल, मध घातलेला लाडू. सगळं पौष्टिक, आणि माझ्यासारखीला सगळं बाधणारं. पौष्टिक असणं आणि मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या आजीच्या पिढीला पक्कं कळत होतं. आजाऱ्यासमोर ती साळीच्या लाह्या ठेवायची, उसळ नाही.

त्याच लाह्या इथे कार्तिगै दीपम या सणाच्या दिवसांत 'नेल पोरि' म्हणून बाजारात येतात. एरवी साधे कुरमुरे बारा महिने मिळतात. माझ्या पिशवीत आता तेच असतात. भडंग नाही, कारण त्यात लसूण, आणि लसूण-गहू दोन्ही फॉडमॅपवाले. सोबत पुण्याहून आणलेली राजगिऱ्याची वडी, फार न पिकलेलं एक केळं आणि केळीच्या पानात बांधलेल्या चार इडल्या. पीठ आंबताना उडदातल्या वात धरणाऱ्या साखरा बऱ्याच कमी होतात. इडल्यांना तिळाचं तेल आणि घरी कुटलेली, बिनलसणाची पोडी, म्हणजे कोरडी चटणी. विकतच्या पोडीत बहुधा लसूण असतो, आणि बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ. प्रवासाच्या दहीभातावरही डोळे मिटून विसंबू नका. वाटेत आंबू नये म्हणून त्यात दूध जास्त आणि विरजण चमचाभर असतं. दूध न सोसणाऱ्याने हे विचारूनच घ्यावं.

माझं पथ्य सगळ्यांचं पथ्य नव्हे. फॉडमॅपचा आहारही जन्मभराचा नसतो. काही आठवडे वगळायचं, मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, आणि तेही जाणत्या आहारतज्ज्ञाला विचारून. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, पोट रात्री झोपेतून उठवत असेल, तर पाकिटं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

लेबलावरचे दावे दिशाभूल करू शकतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शनात सांगितलं आहे. पण ग्राहकाला सावध करून भागत नाही, विकणाऱ्याला बांधलं पाहिजे. ऑफिसांनी त्या मशीनमध्ये एक खण साध्या, बिनमसाल्याच्या कुरमुऱ्यांना द्यावा. त्याला फार पैसे पडत नाहीत. आणि ज्यांना पाकिटाच्या पुढच्या बाजूला हिरवं पान छापायला जागा सापडते, त्यांनी त्याच्या शेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, 'रेचक' हा शब्दही छापावा. लोकलमध्ये चढण्याआधी तो मला वाचता आला पाहिजे.