ताण स्वभावाचा की वेगाचा?

यंत्रमानवाच्या शेजारी उभे राहून काम करणाऱ्या कामगाराचा मानसिक ताण हा आता मानसशास्त्राचा रीतसर विषय झाला आहे. चिंताशील माणूस लवकर अस्वस्थ होतो, नावीन्याची आवड असलेला लवकर रुळतो, असे या विचाराचे सूत्र आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. एकाच पाळीतील दोन कामगारांचे मन सारखे नसते, हे कोणत्याही कामगार-कार्यकर्त्याला ठाऊक आहे. प्रश्न आहे तो या ज्ञानाचा उपयोग कोण आणि कशासाठी करणार, हा.

कामासाठी माणूस पारखण्याचे शास्त्र जुने आहे. ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच ट्रामचालकांच्या निवडीसाठी चाचण्या योजल्या होत्या. अपघात टाळण्यासाठी ते योग्यही असेल. परंतु काम आहे तसेच ठेवून त्यात बसणारा माणूस तेवढा शोधायचा, हा दंडक एकदा मान्य केला की कामाच्या रचनेची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही.

अमेरिकेतील लॉर्ड्‌सटाउनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. ओहायो राज्यातील जनरल मोटर्सच्या या कारखान्यात १९७० च्या सुमारास सांधणीसाठी यंत्रमानव आले आणि ताशी सुमारे १०० मोटारी, म्हणजे एका मोटारीमागे अवघे ३६ सेकंद, अशी गती ठरली. मार्च १९७२ मध्ये तेथे सुमारे तीन आठवडे संप झाला. कामगार बहुतांशी तरुण होते. म्हणून वृत्तपत्रांनी नव्या पिढीच्या बंडखोर स्वभावात संपाचे मूळ शोधले. युनियनची तक्रार मात्र साधी होती: माणसे कमी केली, त्यांचे काम उरलेल्यांवर लादले.

१९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी स्वीडन व अमेरिकेतील पाहण्यांच्या आधारे दाखवून दिले की, कामाचा बोजा मोठा आणि त्याविषयी निर्णय घेण्याची मुभा थोडी, या दोहोंचा संयोग झाला म्हणजे मानसिक ताण वाढतो. याचा अर्थ स्वभाव गौण ठरतो असा नाही. वेग कमी करण्याचा, यंत्र थांबवण्याचा अधिकार हाती असेल, तर भित्रा आणि धीट दोघेही आपापल्या रीतीने काम निभावतात. तो अधिकार नसेल, तर धीट माणूस थोडा उशिरा मोडतो, इतकेच.

चाकण-रांजणगावच्या पट्ट्यातही यंत्रमानव केव्हाच येऊन पोहोचले आहेत. छाटणी घडवू शकणाऱ्या यंत्रसुधारणेची २१ दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालकांवर घातले होते; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद राहिली. परंतु नोकरी टिकली आणि केवळ गती वाढली, तर काय? पूर्वसूचनेच्या विषयांच्या यादीत गतीचा स्वतंत्र उल्लेख नाही. कंत्राटी कामगाराला तर तक्रार करण्याचीही धास्ती असते.

म्हणून यापुढील वेतनकरारांत तीन कलमे आग्रहाने मागितली पाहिजेत. यंत्राची गती युनियनच्या संमतीने ठरावी. ते थांबवणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये. आणि स्वभावचाचणीचे निष्कर्ष नेमणूक, बदली वा बडतर्फीसाठी वापरले जाऊ नयेत. माणसांच्या स्वभावातील विविधता ही उत्पादनातील अडचण नाही. तिला सामावून घेणारी रचना उभी करणे, ही यंत्राच्या मालकाची जबाबदारी आहे.