गणित लिहिण्याचे मुक्त साधन मराठीसाठी जपा : पेडणे व डिचोलीच्या गणित शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. शिक्षण संचालक, शिक्षण संचालनालय, पर्वरी
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, माहिती तंत्रज्ञान खाते

विषय : ‘लिक्स’ या मुक्त गणित-लेखन संपादकाची मराठीसाठी देखभाल व सुधारणा

महोदय,

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा आजही मराठी माध्यमाच्या आहेत. पाचवीपासून मात्र गणित इंग्रजीतून सुरू होते. चार वर्षे अंश, छेद, परिमिती, क्षेत्रफळ म्हणत आलेल्या मुलापुढे एकदम नवी नावे येतात. गणित तेच असते, पण मूल बिचकते आणि ‘हे गणितात कच्चे’ असा शिक्का बसतो. अशा मुलाला दोन्ही भाषांतल्या सरावपत्रिका शेजारी शेजारी हव्या असतात. बाजारात त्या मिळत नाहीत, म्हणून शिक्षक स्वतः करतात. खरे घोडे अडते ते इथे.

साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये अपूर्णांक आणि वर्गमूळ कसेबसे बसवता येते, पण पुढच्या वर्षी तीच फाइल उघडली की सूत्रांच्या जागी चौकोन दिसतात. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिकांची कथा आणखी वाईट. त्या फाइलींत देवनागरी अक्षरे नसतातच. असतात रोमन संकेत, ज्यांना विशिष्ट फॉन्ट देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट नसला की अख्खी प्रश्नपत्रिका निरर्थक चिन्हांची होते. निवृत्त झालेल्या कित्येक शिक्षकांची आयुष्यभराची गणिते अशा फाइलींत अडकून पडली आहेत.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट मिळतो. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ ही गणिताच्या जुळणीची प्रणाली आणली. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात ‘लाटेक’ रचले. जगातली बहुतेक गणिती नियतकालिके आज त्यातच जुळवली जातात. पण लाटेकच्या आज्ञा पाठ करणे प्रत्येक शिक्षकाला जमणारे नाही. ती अडचण जर्मनीतल्या माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने १९९५ मध्ये ‘लिक्स’ सुरू करून सोडवली. लिक्समध्ये सूत्र डोळ्यांसमोर सूत्रासारखेच दिसते, आणि छपाईचे काम मागे लाटेक करते. परवाना मुक्त आहे. शाळेतल्या प्रत्येक संगणकावर ते घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

तरीही आमच्यातले जे शिक्षक ते वापरतात त्यांना रोज काय भोगावे लागते, ते दोन उदाहरणांत सांगतो.

सूत्राच्या चौकटीत ‘क्षेत्रफळ = लांबी × रुंदी’ असे सरळ टाइप केले आणि टेकच्या ‘झीटेक’ या रूपाने पीडीएफ काढली, तर मराठी शब्द कागदावर उमटतीलच असे नाही. गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसतात, त्यामुळे ती गळून पडू शकतात. त्याची नोंद कुठेतरी लॉगमध्ये होते. प्रत्येक मराठी शब्द वेगळ्या मजकूर-चौकटीत टाकला तर तो छापला जातो. हे ज्याला ठाऊक नाही त्याची पत्रिका शब्दांविना मुलांच्या हाती जाऊ शकते.

दुसरे ‘ल’ आणि ‘श’ यांचे. मराठीत आणि हिंदीत या अक्षरांची वळणे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयात मराठी वर्णमाला व लिपी प्रमाणित झाली, तेव्हा ही वळणेही ठरली. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण दस्तऐवजात भाषा मराठी आहे हे फॉन्टला स्पष्ट कळवावे लागते. नाही कळवले तर हिंदी वळण छापले जाते. पहिलीच्या मुलाला आम्ही पाटीवर एक ‘ल’ गिरवायला लावतो आणि सरावपत्रिकेत दुसरा दाखवतो, हे आम्हाला मान्य नाही.

दोन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत. मात्र त्या सोडवायला कोणीतरी बसले पाहिजे. लिक्स मुख्यतः जगभरच्या स्वयंसेवकांच्या बळावर चालते, आणि मराठी प्राथमिक शाळेची गरज त्यांना आपोआप कळणार नाही. मराठी शब्द ओळीच्या टोकाला कुठे तोडावा याचे नियमसुद्धा टेकला दिले ते केरळच्या संतोष थोट्टिंगल यांनी. त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण आपल्या भाषेचे काम आपण किती काळ दुसऱ्यांवर सोडणार? गोव्यात खाजनाचा बांध फुटला की शेत खारे होते, म्हणून तो दरवर्षी राखावा लागतो. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. ते विकत घ्यावे लागत नाही एवढ्यावरून त्याला खर्च नाही असे समजणे ही आजवरची मोठी चूक आहे.

याच भूमीत १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी होती, लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे पाडणे तेव्हा साधले नाही. आज युनिकोड आहे, आयआयटी मुंबईने तयार केलेला ‘शोभिका’सारखा मुक्त फॉन्ट आहे. साधनांची उणीव आता उरलेली नाही. उणीव आहे ती नेमलेल्या माणसांची.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत गणित-लेखन साधनांसाठी दोन कायम पदे निर्माण करावीत. त्यातला एक प्रोग्रामर असावा आणि दुसरा मराठी व गणित दोन्ही जाणणारा संपादक. कंत्राटी माणूस सहा महिन्यांत काम शिकतो आणि अकराव्या महिन्यात जातो, त्यामुळे या पदांवर कंत्राट नको. या दोघांनी वरच्या अडचणी दुरुस्त कराव्यात, मेनूंचे मराठी भाषांतर करावे, आणि प्रत्येक दुरुस्ती लिक्सच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. ‘गोवा आवृत्ती’ म्हणून वेगळे सॉफ्टवेअर काढू नये, ही आमची आग्रहाची विनंती. असे वेगळे सॉफ्टवेअर उद्घाटनापुरते चमकते आणि नंतर वाऱ्यावर पडते. मूळ प्रकल्पात गेलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळते. सावंतवाडीच्या शाळेलाही आणि बेळगावच्याही.

हे जमते का, असे कोणी विचारले तर केरळकडे बघावे. तिथे २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि शाळांचे संगणक टप्प्याटप्प्याने मुक्त सॉफ्टवेअरवर आले. आजही ‘काइट’ ही सरकारी संस्था ते सांभाळते. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. धोरण आहे, केरळचा अनुभव आहे. आपल्याकडे तरतूद तेवढी नाही.

दुसरी मागणी आवृत्तीची. एका शाळेत नवे लिक्स, दुसरीत जुने. नव्यातली फाइल जुन्यात सरळ उघडत नाही, आणि ती जुन्या रूपात कशी बदलून द्यायची हे फार थोड्यांना ठाऊक असते. सहावीपासूनचे वर्ष आता एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले आहे. तेव्हा वर्षभराची एकच आवृत्ती मार्चमध्ये ठरवून, फॉन्ट आणि प्रश्नपत्रिकेच्या साच्यासह, सर्व शाळांत घालून द्यावी. साच्यात देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही अंकरूपे एका खुणेने बदलता यावीत.

शिक्षण मंडळाने आणि परिषदेने नमुना प्रश्नपत्रिका पीडीएफबरोबर मूळ फाइलीच्या रूपातही द्याव्यात. आज तेच सूत्र प्रत्येक शिक्षक आपापल्या घरी पुन्हा टाइप करतो. जुन्या फॉन्टांतल्या फाइली युनिकोडमध्ये आणण्यासाठी तालुका पातळीवर एक मोहीम घ्यावी. साखळीचे सरकारी महाविद्यालय आणि विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांना या कामाबद्दल श्रेयांक आणि मानधन द्यावे.

दृष्टिहीन मुलांचा प्रश्न यातून वेगळा काढू नये. चित्र म्हणून चिकटवलेले सूत्र वाचक-सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. लिक्समधून गणित ‘मॅथएमएल’ या गणिताच्या खूणभाषेत काढता येते आणि २०२३ पासून क्रोम ब्राउझरही ते थेट दाखवतो. हे सूत्र मराठीत मोठ्याने नीट वाचले जावे, ‘तीन छेद चार’ असे, यासाठीचे शब्दनियम परिषदेने तयार करून मुक्त परवान्याने द्यावेत.

प्रशिक्षण शाळेच्या वेळेत आणि कर्तव्यावर धरून व्हावे. रविवारी, पदरमोड करून शिकण्याची अपेक्षा आता पुरे.

आमच्याकडून आम्ही हे कबूल करतो : प्रत्येक नवी आवृत्ती दोन्ही तालुक्यांतल्या शाळांत वापरून पाहू, चुका नेमक्या शब्दांत कळवू, भाषांतर तपासू आणि आमच्या सरावपत्रिका मुक्त परवान्याने सर्वांना देऊ.

पुढच्या अर्थसंकल्पात पदांची तरतूद व्हावी यासाठी खात्याने डिसेंबरपर्यंत प्रस्ताव करावा, आणि त्याआधी या मागणीपत्रावर लेखी उत्तर देऊन डिचोली किंवा पेडणे येथे आमच्याबरोबर बैठक घ्यावी, ही विनंती.

आपले,
पेडणे व डिचोली तालुक्यांतील गणित शिक्षक