नियमात डिग्री आहे, माडिया नाही

बीयूएमएस झालेल्या आपल्या मुला-मुलींपुढे समुदाय आरोग्य अधिकारीपदाची जाहिरात ठेवली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तिथे आम्हाला डॉक्टर म्हणतील का?’ प्रश्न रास्त आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं युनानी शिकायचं आणि उपकेंद्रात गेल्यावर युनानीचं औषध बाजूला ठेवायचं. सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घ्यायचं, यादीतली औषधं द्यायची आणि अवघड पेशंट प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचा. पगार 25 हजार, कामाच्या मोजमापावर आणखी 15 हजारांपर्यंत, आणि तेही कंत्राटी. घरच्यांचं म्हणणं वेगळंच. लग्नाची बोलणी सुरू झाली की विचारतात, ‘स्वतःचं क्लिनिक कधी टाकणार?’

तरीही मी म्हणतो, अर्ज करा, आणि पसंतीत गडचिरोली लिहा.

कारण सरकारकडे दुसरा उपाय आहे तो बंधपत्राचा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर 10 लाख दंड. जे येतात त्यांतले बरेच जण उशाशी पीजीची पुस्तकं घेऊन येतात. मी त्यांना दोष देत नाही, पण एका वर्षात भामरागड कळत नाही. पर्लकोटेला पूर आला की गाव तुटतं. कुठल्या टोल्यावरचा पेशंट आधीच हलवायला हवा, हे पहिला पावसाळा काढल्यावर समजतं. दुसऱ्या पावसाळ्याला डॉक्टर नवा असतो. मलेरियाची गोळी नवा माणूसही देईल. पण सिकलसेलच्या मुलाच्या आईला आयुष्यभराची काळजी समजावायची तर तिची भाषा हवी, आणि तिचा विश्वास हवा.

इथेच नियम आंधळा आहे. तो पदवी बघतो, नोंदणी बघतो, वय बघतो. माडिया, गोंडी किंवा तेलुगू येते का, हे कोणी विचारत नाही. सिरोंचा-अहेरी पट्ट्यात आणि इकडे राजुरा-जिवतीत यांतल्या भाषा बोलत वाढलेली मुलं आपल्याही घरांत आहेत. त्यांचं हे बोलणं निवडीत शून्य धरलं जातं!

मोजमापाचंही तसंच. मैदानी भागात 5 हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात 3 हजारांमागे. म्हणजे जंगलात माणसं कमी आणि वाटा लांब, हे सरकारने स्वतःच मान्य केलंय. मग प्रोत्साहनाचे पैसे नोंदींच्या आकड्यांवर का? एका टोल्यासाठी अख्खा दिवस चालणाऱ्याची चाल कुठल्या रकान्यात भरायची? नेटवर्क नसलेल्या गावातली तपासणी ऑनलाइन चढत नाही, म्हणून ती झालीच नाही असं होत नाही.

काही मित्र म्हणतात, आधी युनानीला मान द्या, मग बोलू. मला हा क्रम पटत नाही. मानाची लढाई लढू, पण तोपर्यंत रिकामी जागा रिकामीच राहणार, आणि तापाने फणफणलेलं पोर आपला निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.

दोन मागण्या लेखी करू या: स्थानिक भाषेला निवडीत गुण आणि दुर्गम उपकेंद्राला अंतराचा वेगळा भत्ता. पुढची जाहिरात निघण्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हा परिषदांत निवेदन द्यायचं. सही करायला बीयूएमएस असण्याची अट नाही.